उशीवरची सुपारी

कार्तिक वद्य अष्टमी, बुधवार, १२ नोव्हेंबर

उद्यापासून तीन रात्री नदीपलीकडच्या त्या पंचतारांकित हॉटेलात मुक्काम. सदाशिव पेठेतून रिक्षाने अर्ध्या तासाची वाट. एवढ्यासाठी बॅग भरणे हास्यास्पद आहे. परंतु शब्द दिलेला आहे, आणि तोही कावळ्याला.

कारण नोंदवून ठेवतो. दोन महिन्यांपूर्वी हिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर बसून होता, खाली उतरेना. पती या नात्याने मी प्रथम पुढे झालो. म्हणालो, हाती घेतलेले पोथीचे संपादन पूर्ण करीन, नित्यपूजा चुकू देणार नाही, स्वतःची आबाळ करणार नाही. कावळ्याने मान दुसरीकडे वळविली. गुरुजी घड्याळ पाहू लागले. मागे दुसरे कुटुंब खोळंबले होते. दर्भाचा कावळा करून शिववू या, असे ते म्हणत असतानाच आमची एकुलती एक कन्या उत्कर्षा पुढे झाली, वाकली आणि हळू आवाजात काही बोलली. ती सरळ उभी राहण्यापूर्वी कावळा पिंडावर.

नंतर तिने एवढेच सांगितले, की आईला त्या हॉटेलात राहायचे होते, मी तसा शब्द दिला आहे.

मला हे पटलेले नाही. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हिने मजपाशी काहीही मागितले नाही. इतकी तृप्त स्त्री विरळा. माझ्या पहिल्या हाकेला 'आले', आणि दुसऱ्या हाकेपूर्वी चहा. एकच खोड होती. कपडे वाळत घालावयास गच्चीवर गेली की तासभर तिथेच बसून राही. कपडे बसून वाळत नाहीत, हे मी जिन्यातून हाका मारून वारंवार समजाविले.

तथापि वचन ते वचन. ही नाही, तर मी आहे. पती-पत्नी ही एकाच देहाची दोन अंगे. मी राहिलो की हीही राहिली. उत्कर्षा म्हणाली, "अप्पा, तुम्ही जायलाच हवं असं नाही हो." माझ्या प्रकृतीच्या काळजीने म्हणाली. मी डबल रूमच घ्यावयास लावली. पत्नीच्या अनुपस्थितीत तिच्या जागी सुपारी ठेवून कर्म करण्याची परंपरा आहे. देव्हाऱ्यातली एक जुनी, वजनदार सुपारी निवडली आणि उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधली.

संकल्प : तिथले अन्न ग्रहण करणार नाही. दशम्या, दाण्याची चटणी आणि पाण्याचा तांब्या बरोबर. शिवाय या निमित्ताने एक गोष्ट सप्रमाण सिद्ध करीन, की ही त्या ठिकाणी अर्धा दिवसही रमली नसती.

कार्तिक वद्य नवमी, गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपारी ३

पोहोचलो. दाराशी यंत्रातून बॅगेची तपासणी. तांब्या दिसल्यावर पहारेकऱ्याने बॅग मागे घेऊन पुन्हा पाहिली.

काउंटरवर ऋतुजा नावाची मुलगी. नम्र आहे. म्हणाली, "सर, बुकिंग दोन गेस्टचं आहे. मॅडमचं आधार कार्ड?" मी सांगितले, की त्या आहेत, परंतु दृश्य रूपाने नाहीत. ती म्हणाली, "ओके सर. म्हणजे लेट चेक-इन." मी होय म्हणालो. यापेक्षा अचूक भाष्य मलाही करता आले नसते.

खोली नवव्या मजल्यावर. किल्लीऐवजी दोन कार्डे मिळाली; एक भिंतीतल्या खाचेत घातले की दिवे लागतात, काढले की अंधार. पलंग असा, की आमच्या घरातली दिवाणखान्याची सतरंजी त्यावर पुरणार नाही. खिडकीकडची उशी हिला दिली. घरी खिडकीकडे मी निजतो. मला वारा लागतो. अक्षता वाहून सुपारी उशीवर मधोमध ठेवली. हिला म्हणालो, पाहा, काय अर्थ आहे या सगळ्याला? हिचेही तेच मत पडले.

दारावर अडकविण्याची एक पाटी आहे. एका बाजूस 'खोली आवरावी', दुसऱ्या बाजूस 'त्रास देऊ नये'. अतिथीने यजमानास त्रास देऊ नका म्हणून बजावणे हा उद्धटपणा. 'खोली आवरावी' ही बाजू पुढे करून पाटी अडकविली.

सायंकाळी ७

दोष पाहत आहे. खिडकी उघडत नाही. गालिचा झाडता येत नाही. दशमी खाल्ली, त्याचे कण गालिच्यात गेले, हाताने वेचले. हिला हे मुळीच खपले नसते. सिद्धान्त बळकट होत आहे.

कार्तिक वद्य दशमी, शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी ७

पाणी उकळण्याची विजेची किटली खोलीतच आहे. पाणी उकळले. पुढे अडले. "अगं, साखर कुठे आहे?" असे विचारून गेलो. हाक सवयीची होती. तिला अर्थ नाही. साखर एका कागदी नळीत सापडली.

सकाळी १०

ब्रेकफास्टच्या दालनात केवळ अवलोकनार्थ गेलो. फळे घेतली, फळांना दोष नाही. मग इडली घेतली. वाफेवर शिजलेले अन्न कोणत्याही अग्नीस प्रत्यक्ष स्पर्श करीत नाही, असे माझे मत बनत आहे. मग चंद्रकोरीच्या आकाराचा, लोण्याचा, पापुद्रे सुटलेला एक पाव. त्यात अंडे असते का, हे विचारले नाही. न विचारलेल्याचे दूषण लागत नाही, असा एक पक्ष आहे. दुसरा पावही त्याच पक्षाने घेतला.

शेजारच्या टेबलावर हिच्या वयाच्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. पुढ्यात कॉफी. पुस्तक नाही, मोबाइल नाही. नुसत्या बाहेर पाहत होत्या. एवढा वेळ माणूस काय पाहतो, कळले नाही. त्यांच्या घरी काही दुःख असावे.

दुपारी ४

स्नानगृहात टब आहे. साचलेल्या पाण्यात बसून स्नान करणे शास्त्रसंमत नाही. या विषयाचा साधकबाधक विचार टबात बसून केला. तोवर पाणी निवले. गुडघ्यांना आराम पडला. हिचे गुडघे फार दुखत. हिला आवडले असते असे मी म्हणत नाही.

सायंकाळी ७

अनर्थ.

खाली लॉबीत फेरी मारून आलो तो अंथरूण नव्याने घातलेले, पडदे ओढलेले, आणि हिच्या उशीवर सुपारी नाही. तिच्या जागी सोनेरी वर्खातले चॉकलेट.

फोन केला. ऋतुजा स्वतः वर आली. काय हरवले, असे विचारले. सुपारी म्हणालो. "सोन्याची आहे का सर?" नाही म्हणालो. "मग चांदीची?" साधी, खाण्याची म्हणालो. परंतु खावयाची नव्हे. ती फार सभ्य मुलगी आहे, हसली नाही. थोड्या वेळाने एका तबकातून सुगंधी सुपारीची पाकिटे आली, हॉटेलतर्फे भेट. मी परत पाठविली. माझा आवाज चढला असे दिसते, कारण बाहेर पडताना ती मागच्या माणसाला म्हणाली, "लाँड्रीपर्यंत सगळं चाळा. काका रडतायत." हे साफ खोटे आहे. एसीमुळे माझे डोळे झोंबतात.

कार्तिक वद्य एकादशी, शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ८

सापडली. हाउसकीपिंगचे सुदर्शन म्हणून गृहस्थ आहेत, यवतमाळकडचे. लहानशा कागदी पाकिटात घेऊन आले. "चादरीसंगं गेली होती सर. मशीनमधून काहाडली." पाकिटावर चिठ्ठी, चिठ्ठीवर खोलीचा नंबर. धुऊन, कोरडी करून. हिचा जन्म दुसऱ्यांचे कपडे धुण्यात गेला. हिला कोणी धुऊन, पुसून, पाकिटात घालून आणून द्यावे, हे प्रथमच घडले. चांगले झाले असे लिहीत नाही. नोंद केली, इतकेच.

दुपारी १२

ही तृप्त झाली, याचे प्रमाण हवे. प्रमाण एकच : कावळा.

आज माझा उपवास. स्वतःसाठी नव्हे असे स्पष्ट करून दहीभात मागून घेतला आणि पोहण्याच्या तलावाकाठी, हिरवळीच्या कडेला ठेवला. पहारेकरी धावत आला. "ओ काका, इथं काय टाकायचं नाय!" टाकले नसून ठेवले आहे, हा भेद त्याला समजाविला. त्याने मला उंचावरचा एक कर्णा दाखविला. त्यातून ससाण्याचा आवाज काढतात. पक्षी येऊ नयेत म्हणून. ज्या स्थळी कावळ्यालाच मज्जाव, तिथे पितरांनी यावे कसे? पहारेकरी म्हणाला, "पितरांचं आपल्याला म्हाईत नाय. मॅनेजर येईल पण."

कुंपणापलीकडच्या कडुनिंबावर एक कावळा होता. कर्ण्याला भीत नव्हता. नीट आमच्याकडे पाहत होता. मी हळू आवाजात सर्व सांगितले. तुझी इच्छा पूर्ण झाली, आपण दोघे इथे राहिलो, तीन दिवस मी तुला क्षणभर एकटे सोडले नाही. कावळा ऐकून घेत होता. मग उडून गेला. पलीकडच्या दिशेला.

दहीभात पहारेकऱ्याने सुपलीत भरून नेला.

दुपारी २

विचारान्ती निष्कर्ष : पाठ कुठेतरी भ्रष्ट आहे. घाटावर उत्कर्षा नेमके काय बोलली, हे मी स्वतः ऐकलेले नाही. आयुष्यभर हस्तलिखिते ताडून पाहिलेल्या माणसाने ऐकीव पाठावर इतका मोठा विधी करावा, ही अक्षम्य त्रुटी. तिला बोलाविले आहे.

सायंकाळी ५

उत्कर्षा येऊन गेली.

प्रथम मी बरा आहे ना, असे विचारले. मग सुपारी पाहिली आणि पलंगावर न बसता खुर्चीवर बसली. मी म्हणालो, आईचे शब्द जसेच्या तसे सांग, सारांश नको. ती म्हणाली, "अप्पा, राहू द्या ना. झालं ते झालं." मी आग्रह धरला. अक्षर इकडचे तिकडे झाले तरी फळ बदलते, हे लहानपणापासून तिला शिकविलेले आहे. तेच मी पुन्हा सांगू लागलो, तेव्हा ती चिडली. "ऐकायचंच आहे ना? मग मधे बोलू नका."

पाठ असा. नात्यातल्या एका लग्नाचे रिसेप्शन याच हॉटेलात होते. त्या दिवशी उत्कर्षाने आईला सहज वर आणून एक रिकामी खोली दाखविली होती. ही पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "मला ना, एकदा इथं एकटीनं राहायचंय. दार लावून. दोन दिवस कुणी हाक मारायची नाही."

'एकटीनं' हा शब्द मागाहून कोणी घातलेला असू शकेल का, असे मी विचारले.

उत्कर्षा म्हणाली, "अप्पा, मी होते तिथं."

ते दुःखाने म्हणाली असेल, त्या दिवशी प्रकृती बरी नसेल, असे मी सुचविले. त्यावर तिने खुर्ची माझ्याकडे वळविली. मग म्हणाली, "नाही हो. हसत होती. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलीच नव्हती. म्हणाली, अप्पांना सांगू नकोस, त्यांना वाटेल माझं काही चुकलं."

घाटावर उत्कर्षाने दिलेला शब्दही विचारून घेतला. "आई, खोली घेते तुझ्यासाठी. आत कुणी येणार नाही." एवढाच. "मग तुम्ही सुपारी उपरण्याला बांधून तयार," ती म्हणाली, "मी काय बोलायचं होतं?"

तिला पोहोचवावयास लिफ्टपर्यंत गेलो. लिफ्टचे दार मिटताना तिने माझ्या बाहीला हात लावला.

सायंकाळी ६॥

पाठ निश्चित झाला. दुसरी प्रत नाही. शंकेला जागा नाही.

बॅग भरली. तांब्या, धोतर, उरलेल्या दशम्या. माझी उशी कपाटात ठेवली. हिची उशी पलंगाच्या मधोमध घेतली आणि तिच्यावर सुपारी. पडदे उघडे ठेवले. किटलीत पाणी भरले, शेजारी कप आणि साखरेची नळी. चॉकलेटही तिथेच ठेवले. हिला गोड आवडे की नाही, हे मला निश्चित सांगता येत नाही. दिवा राहावा म्हणून एक कार्ड खाचेत तसेच राहू दिले.

बाहेर येऊन दार ओढून घेतले. पाटी उलटी केली. 'त्रास देऊ नये.'

खाली ऋतुजाने विचारले, "सर, चेकआउट?" मी म्हणालो, नाही. एक गेस्ट खोलीत आहेत, उद्या दुपारी बारापर्यंत. कोणी आवरावयास जाऊ नये. बेल नको. फोन नको. हाक नको. तिने माझ्या बॅगेकडे पाहिले, मग संगणकात काहीतरी लिहिले. म्हणाली, "मॅडमना डिस्टर्ब होणार नाही सर."

रिक्षात बसेपर्यंत मी ठीक होतो.

कार्तिक वद्य द्वादशी, रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी ६॥, सदाशिव पेठ

घरी. खिडकीकडे निजलो नाही.

चहाला पाणी ठेवले. पावडर सापडली. साखरेचा डबा कोणता, ते ठाऊक नाही. सगळे डबे सारखेच आहेत. 'अगं' ओठांपर्यंत आले.

खोली बारापर्यंत हिची आहे. हाक मारली नाही.

एकादशीचा उपवास बिनसाखरेच्या चहावर सोडला.