सुईला लाल वायर

प्रिय शालूबाय,

तुझ्या भावाने, बाबलीने पत्र लिहिलं म्हणून हसू नकोस. सातवीत शाळा सोडलेल्याच्या चुका सांभाळून घे. फोन केला की तू स्पीकरवर टाकतेस आणि आई मागून बोलत राहते, म्हणून कागद घेतला. आज शुक्रवार, मस्कतात सुट्टी.

मी बरा आहे. नवीन इमारतीत वायरी ओढतोय. तुये गावची कंपनी तीन महिन्यांत सोडली, साखळी गावात ट्रकवर चार महिने टिकलो, इथे दीड वर्ष झालं. आई म्हणायची, "ह्येच्या पायाक भवरो आसा." तिला सांग, भोवरा सध्या थांबलाय.

तुझ्या हनुवटीच्या केसांचं मला आधीपासून माहीत होतं. सकाळी जनेलाच्या गजांना आरसा टेकवून चिमट्याने उपटायचीस, मी आलो की चिमटा मुठीत. मग तुझ्या कंपनीच्या बसमध्ये रुक्मिणीने विचारलं, "शालिनी, खंयचा ब्लेड वापरतस गो?" सगळी बस हसली. तू घरी येऊन मला ते हसत सांगितलंस आणि त्या दिवशी जेवली नाहीस.

इथे एका पार्लरात वायरिंग करताना ते मशीन बघितलं. केसाच्या मुळाशी बारीक सुई घालायची, दुसरा दांडा ओल्या हातात धरायचा. थोडा करंट जातो, मूळ मरतं, केस परत येत नाही. पार्लरवाली जुनं टाकून देणार होती, मी मागून घेतलं. आधी स्वतःच्या हातावर चार केस काढले. मुंगी चावल्यासारखं झालं आणि केस अलगद बाहेर आला. सुईची वायर तुटायला आली होती म्हणून मशीन उघडून नवी जोडली. दिवा लागला. पार्से गावचा कृष्णनाथ घरी निघाला होता, त्याच्याकडे तुझ्यासाठी दिलं.

आईने देवळात प्रसाद लावून कौल मागितला तेव्हा डावी पाकळी पडली. देव नको म्हणतोय म्हणून तू थांबली होतीस. मीच फोनवर ओरडलो, "देवाक करंटातला काय कळता?" माझं ऐकून तू मशीन घेऊन बसलीस. केस एकही सुटला नाही, आणि सुई घातली तिथे तीन काळे ठिपके उठले, तिळाएवढे. साबणाने जात नाहीत, लिंबाने जात नाहीत. आई म्हणते, प्रसाद मोडला त्याची शिक्षा. तूही तेच धरून बसलीस. महिना झाला कंपनीत गेली नाहीस. म्हापशाच्या डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणतेस, देवाने केलेलं डॉक्टर काय पुसणार.

आता खरं सांगतो. तू पाठवलेला फोटो मी विशालला दाखवला. तो सावंतवाडीचा, आमच्याकडे वेल्डिंग करतो. तो म्हणाला, "करंट उलटो गेलो असतलो. सुयेचा लोखंड कातडेत उतारला." मी त्याच्याशी भांडलो. मग फोनमधले जुने फोटो काढले. उघडलेल्या मशीनचे दोन आहेत, जोडण्याआधीचा आणि नंतरचा, तुला फुशारकी दाखवायला काढलेले. आधी सुईला काळी वायर आहे. नंतर लाल, म्हणजे मी दोन्ही टोकं उलटी लावली. बल्बाला दोन वायरी कशाही लाव, तो पेटतो. मला वाटलं, इथेही तसंच. जोडल्यावर हातावर पुन्हा एक केस काढून बघितला असता तर ठिपका माझ्या हातावर उठला असता. घाईत तेवढंही केलं नाही.

हे कळून बारा दिवस झाले. तेवढ्या दिवसांत तुझ्याशी चारदा बोललो आणि दर वेळी जेवलीस काय, एवढंच विचारलं.

देवाने नको म्हटलं असेल तर ते माझ्या हाताला म्हटलं असेल. तुझ्याकडून काही मोडलेलं नाही. मशीनला आता हात लावू नकोस. डॉक्टरकडे जा, सुईचं लोखंड आत गेलंय म्हणून सांग. डाग जाईल की नाही ते तोच सांगेल, मला माहीत नाही. गेला नाही तरी पत्र मिळालं की पुढच्या सोमवारपासून कंपनीत जा.

आईला वाचता येत नाही, पत्र तूच वाचून दाखवणार. मी ट्रकची काच फोडली तेव्हा तू घरी सांगितलंस की रस्त्यावरचा दगड उडाला. शाळेतून पळालो तेव्हा मला ताप होता म्हणालीस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे, फोनवर तू मध्येच बोलून मला सावरून घेतलं असतंस, म्हणून हे लिहिलं. लाल वायरीपाशी आलीस की आवाज बारीक करू नकोस. आईने मला शिव्या दिल्या तर मध्ये पडू नकोस, देऊ दे.

तुझाच, या वेळी तू न वाचवलेला,
बाबली