वेगळं ताट

लातूर,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

ती. जयाताईस,
लखनचा सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय, घरच्या न्हाई. फोन केला असता, पण तुमच्याकडं फोन वाजला की आधी तुझी सासू उचलती आणि तू बोलून होईस्तोवर शेजारीच बसून ऱ्हाती. मला जे विचारायचंय ते तिच्यासमोर विचारण्यासारखं न्हाई.

काल डाळ मिलच्या कामानं नांदेडला आलो होतो. काम लवकर उरकलं म्हणून न सांगता विष्णुपुरीला आलो. दाजी घरी यायचे होते. सात बी वाजले नव्हते आणि तू स्वयंपाकघरात एकटी जेवत बसली होतीस. लेकरांना देतात तसली ताटली. त्यात अर्धी भाकर, पालकाचं पातळ गरगट, काकडीच्या चार फोडी. तिकडं कढईत दाजींसाठी भरली वांगी रटरटत होती, वास पार अंगणापर्यंत. तुझी सासू चहाचं आधण ठेवून ओट्यापाशी उभी होती.

ताई, खरं सांगतो, आधी तू मला ओळखूच आली न्हाईस. वाटलं कामाला नवी बाई ठेवली असंल. ब्लाऊज खांद्यावरून उतरून राहिलं होतं, गळ्याची हाडं वर आलेली. संक्रांतीला भेटलीस तेव्हा बायकोला म्हणालो होतो की ताई आता एवढी जाड झालीय की दारातून आडवंच यावं. ती ताई कुठं गेली? विचारलं तर तू हसलीस, म्हणालीस की सगळं छान हाय. चांगुणाआत्या बी हसूनच सांगायची.

मायला अजून बोललो न्हाई. तुला घरात वेगळं काढलंय का, कोणी बोलतंय का, काय ते खरं मला एकट्याला लिही. दिवाळीच्या आत उत्तर आलं न्हाई, तर मी समजायचं ते समजून घेईन.

लोभ हाय म्हणूनच एवढं लिहिलं. राग धरू नको.

तुझा,
लखन

---

विष्णुपुरी, नांदेड,
दि. २५ ऑक्टोबर २०२५

चि. लखन यास,
अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द सवयीनं लिहून गेले. आज लिहिताना हात अडखळला, ते तुझ्यापासून लपवत नाही.

परवा भाऊबीजेला जे घडलं ते मी माझ्या रोजच्या वहीत तीनदा लिहून पाहिलं. दर वेळी वेगळंच उतरतं. तू तिथं होतास, माझं काही चुकत असेल तर सांग. फोनवर मी चिडते आणि तू रडतोस, म्हणून पत्र.

तुझ्याबरोबर माय आणि ग्यानोबामामांना बघून मी हरखलेच होते. वाटलं, सगळे मिळून आले! ओवाळणीचं ताट हातात घेऊन मी उभी होते, पण तू पाटावर बसलाच नाहीस. मायनं माझं मनगट धरलं, बांगडी वर सरकवली, ती कोपरापर्यंत गेली. ते तिनं सगळ्यांना दाखवलं, बाजारात जनावराचे दात दाखवावेत तसं. मामा म्हणाले की आमच्या दावणीची म्हैससुद्धा इतकी हाडकी कोणी पाहिली नसेल. आणि तू सासूबाईंना विचारलंस की माझ्या बहिणीनं असं काय केलं म्हणून तिला वेगळं ताट. त्या तुमच्यासाठी अनारसे घेऊन येत होत्या. तशाच उभ्या राहिल्या.

त्यांनी तुझ्याकडे पाहिलं नाही, लखन. माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून वाट बघत होत्या, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. नंतर मी खूप बोलले, तुम्हाला ओरडले, पण तोपर्यंत त्या आत गेल्या होत्या. मी गप्प का राहिले? धक्का बसला, हे खरं. पण तेवढंच खरं का? माहेरची माणसं आपल्यासाठी धावून आली आहेत, हे त्या क्षणी कुठंतरी सुखावलं तर नाही ना? दोन दिवस मी स्वतःला हेच विचारते आहे.

काल पहाटे सासूबाई पिशवी भरून देवणीला वन्संकडे निघून गेल्या. ह्यांनी त्यांना गाडीत बसवून दिलं. परत आल्यापासून हे माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आता खरं ऐक. फेब्रुवारीत मला सारखी चक्कर येत होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वजन चौऱ्याऐंशी किलो आहे आणि साखर अगदी काठावर आहे. तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. तुला आपल्या घरांची रीत माहीत आहे. सगळ्यांची जेवणं झाली की दहा-साडेदहाला बाईनं बसायचं आणि उरलंसुरलं संपवून झोपायचं. मी तेच करत होते. भूक होती म्हणून नाही, भांडं रिकामं व्हावं म्हणून खात होते. सासूबाईंनीही जन्मभर तेच केलं. त्यांच्या पायाची जखम साखरेमुळं वर्षभर भरत नाही, ते तू पाहिलं आहेस.

त्या संध्याकाळी त्यांनीच ताटली मांडली आणि सांगितलं की आजपासून तू सगळ्यांच्या आधी जेवायचं, दिवेलागणीला. पुरुषांच्या आधी जेवायची मला लाज वाटायची, मी अर्ध्यावर उठायची. म्हणून त्या समोर पाट घेऊन बसायला लागल्या. ताट संपेपर्यंत उठत नाहीत. एकदा ह्यांचे काका टोमणा मारून गेले की तुमच्या घरी सून आधी जेवते आणि सासू वाढते, कलियुगच आलं. सासूबाईंनी उत्तर दिलं की कलियुगात दवाखान्याचे फेरे तरी वाचू देत.

सकाळी मी आणि हे धरणाच्या रस्त्यानं फिरून येतो. चहात साखर नाही, रात्रीचा भात नाही. सतरा किलो उतरलं, साखर खाली आली. शाळेचे दोन जिने आता न थांबता चढते. मला कोणी उपाशी ठेवलेलं नाही.

तुम्हाला सांगितलं नाही, ही चूक माझी. माय काळजी करेल हे एक कारण. दुसरं सांगायला लाज वाटते. भाऊबीजेला तुम्ही मला बघाल आणि चकित व्हाल, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. त्या दिवशी नेसायची साडीसुद्धा त्याच हिशेबानं निवडली होती. तू मध्येच अवचित आलास, तेव्हा हसून टाळलं तेही म्हणूनच.

लोभ होता, तो आहे का हे आता तुझ्या उत्तरावर.

तुझी,
जयाताई

---

लातूर,
दि. ३० ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मायला वाचून दाखवलं. ती पदर चावत बसली.

तू लिहितीस ते खरं मानावं असं लई वाटतं. पण ताई, सासूच सुनेला आधी जेवू घालती, हे मी आपल्या अख्ख्या तालुक्यात ऐकलं न्हाई. आणि तू म्हणतीस त्या समोर बसतात. मी आलो तेव्हा समोर कोणी नव्हतं. तू एकटीच होतीस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता डोळ्यांवर विश्वास ठेवू का पत्रावर?

तू तेव्हा होस्टेलला होतीस, म्हणून तुला धड माहीत न्हाई. चांगुणाआत्या पंचमीला जळकोटहून आली तेव्हा तिच्या बांगड्या अशाच कोपरापर्यंत जायच्या. मी तेरा वर्षांचा. त्या बांगड्या मीच खालीवर करून खेळलो. ती म्हणाली की सोळा सोमवार धरलेत. बाबांनी मान डोलावली, झोळीभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि गाडीत बसवून दिलं. दिवाळीला तिला आणायला गेलो तर दारात तिरडी बांधायला माणसं जमलेली. मागून शेजारणीनं सांगितलं की पाच महिने तिला वेगळं ताट होतं. कोणी विचारलं न्हाई ताई. हसून बोलती म्हणून कोणी विचारलंच न्हाई. मी ठरवलं होतं की माझ्या बहिणीच्या वेळी मी विचारीन.

बायको म्हणती की ताईंनी बरंच केलं, तुम्ही तुमच्या पोटाकडं बघा. मिलमध्ये पोरं मला पोतं म्हणतात. पण आत्ता हसायला येत न्हाई.

लोभ असा तपासायची वेळ येऊ नये.

तुझा,
लखन

---

विष्णुपुरी, नांदेड,
दि. ४ नोव्हेंबर २०२५

चि. लखन यास,
अनेक आशीर्वाद, आज न अडखळता.

काल तुझी दोन पत्रं एकाच दिवशी वाचली, आणि उलट्या क्रमानं. घरी सकाळी तीस तारखेचं मिळालं. मग सुट्टीनंतरचा शाळेचा पहिला दिवस. शिक्षक-खोलीत माझ्या टेबलावर सराव परीक्षेच्या गठ्ठ्याखाली तुझं बारा तारखेचं पाकीट. ते आलं तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली होती. वाचून मी तिथंच बसले, पहिला तास कोणीतरी दुसऱ्यानं घेतला. तू आधी मला विचारलं होतंस. एकटीला, गुपचूप, नीट विचारलं होतंस. आणि मी उत्तर दिलं नाही, हेच तुझं उत्तर झालं. तुझ्यावर दहा दिवस धरलेला राग आता कुठं ठेवू, मला कळत नाही.

आत्याचं हे मला माहीत नव्हतं. मला सोमवारांचंच सांगितलं होतं.

पण एक सांगायलाच हवं. रविवारी मी उदगीरला गाडी बदलून देवणीला गेले. सासूबाईंनी मला बघितलं आणि स्वयंपाकाला लागल्या. माझ्यापुढं मोठं ताट ठेवलं. पुऱ्या, भाताचा ढीग, वर तुपाची धार, वाटीभर शिरा. म्हणाल्या की पोटभर खा बाई, न्हाई तर लोक माझ्या तोंडाकडं बघतील. मी खाल्लं, सगळं. त्या दाराबाहेर उभ्या होत्या, समोर बसल्या नाहीत. इतकं जड जेवण माझ्या आयुष्यात झालं नसेल.

वन्संनी निघताना मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की आई परत सगळ्यांच्या मागून जेवायला लागली आहे, रात्री उशिरा, उरलेलं. म्हणते की मला कोणी ताट वाढू नका, माझ्या हातच्या ताटाला दोष आहे. पायाची जखम पुन्हा ओली झाली आहे. डॉक्टर म्हणतात की साखर अशीच राहिली तर बोट काढावं लागेल.

मी त्यांना चला म्हणाले. त्यांनी विचारलं की तुझ्या माहेरच्यांची परवानगी आहे का. टोमणा नव्हता रे तो. खरंच विचारत होत्या.

माझ्या सांगण्यानं त्या येणार नाहीत. तू जा. मी पाठवलं म्हणून जाऊ नकोस, पटलं तरच जा.

लोभ आहे. तो या वेळी तुझ्याकडून देवणीच्या पत्त्यावर पोचू दे.

तुझी,
ताई

---

लातूर,
दि. १० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मायला घेऊन देवणीला जाऊन आलो.

तुझ्या नणंदेनं, करिश्माताईंनी दार उघडलं. तुझ्या सासूबाई, मी आता त्यांना मावशीच म्हणतो, अंगणात सुपात तूर निवडत होत्या. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय ओढून घेतला. मला वाटलं रागानं. मग पट्टी दिसली. माय पुढं झाली. त्यांच्या शेजारी बसली आणि त्याच सुपातले खडे वेचायला लागली. तासभर दोघी खडे वेचत होत्या. सूप कधीचं साफ झालं होतं, तरी वेचत होत्या. मग माय म्हणाली की मी माझ्या नणंदेला वाचवलं न्हाई, तुमच्यावर त्याचं उट्टं काढलं. मावशी म्हणाल्या की अनारसे सगळे तसेच पडून वाया गेले, त्याचंच वाईट वाटतं.

दिवेलागण झाली. मावशी उठल्या आणि माझ्या एकट्यापुढं ताटली ठेवली. अर्धी भाकर, गरगट, काकडी. वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी लाज काढतात. पण म्हणाल्या की लांबून बघून ताटातलं कळत न्हाई बाबा, बसून खाऊन बघ. आणि समोर पाट टाकून बसल्या.

भांडणाचं काही काढलं न्हाई. घास चावून खा म्हणाल्या. साखर कधी तपासली का विचारलं. मिलमध्ये दुपारी काय खातो, भजे किती, चहा किती, सगळं विचारलं. मी सांगत गेलो. ताई, मी चव्वेचाळीसचा होत आलो. माझ्या जेवणाकडं असं कोणी नुसतं बसून बघितल्याचं मला आठवंना.

चार घास राहिले असतील, तेवढ्यात गेट वाजलं. शेजारची सरजाबाई विरजण मागायला आली. मावशी लगेच उठल्या, तिच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. ती बाई दारात उभी राहून बघायला लागली. एवढा थोरला पाहुणा, एकटा, ताटलीत अर्धी भाकर. तिनं मायला हळूच विचारलं की पोराला काय आजार हाय का. मग अजून हळू विचारलं की घरच्यांशी बिनसलंय का, म्हणून ह्यांनी वेगळं बसवलंय.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. समोर रिकामा पाट. आत मावशीची पाठ, आधण ठेवून राहिल्या होत्या.

ताई, तुमचं गेट लई करकरतं. त्या दिवशी मी ते उघडलं, तेव्हाच त्या पाहुण्याच्या चहासाठी उठल्या असतील. समोरची जागा मीच रिकामी केली होती, आणि तीच रिकामी जागा मी मायला जाऊन सांगितली.

मी सरजाबाईला म्हणालो की मला वेगळं काढलेलं न्हाई, उलट लई लाडानं बसवलंय. तिला काही पटलं न्हाई, विरजण घेऊन हळहळत गेली. तेव्हा आधी माय हसली, मग चहाचे कप धरून मावशी. कप हिंदकळले.

मावशी बुधवारच्या गाडीनं येताहेत. परवानगी कुणाची लागत न्हाई, हे मायनं त्यांना सांगितलं. भाऊबीजेला तू गप्प बसलीस, त्याचं मी त्यांच्यापाशी काढलं होतं. त्या म्हणाल्या की ते त्यांचं नि तुझं हाय, भावानं त्यात पडू नये. तेव्हा ते तुझं तू बघ. माझं ओवाळणं राहिलंय. रविवारी येतो, साखर तपासून येतो.

अजून एक. काल रात्री बी त्या सगळ्यांच्या मागूनच जेवल्या. मी बघितलं. बुधवारी दिवेलागणीला तू त्यांचं ताट आधी वाढ आणि समोर बस. गेट वाजलं तरी उठू नको.

तुझ्या ताटाला पथ्य असू दे, लोभाला नको.

तुझा,
लखन