वांग्यांना दिलेला ताण

बाबा, तुमच्या पोरीनं वांगी लावली. हसू नका. संत्र्याच्या बागेत वाढले खरी, पण साधी मेथीसुद्धा कधी हातानं पेरली नव्हती. पांढुर्ण्याला शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून भाजी बाजारातून आणायची असते, एवढंच मला ठाऊक. आमच्या स्वयंपाकघरामागे दोन खाटा मावतील एवढी जागा आहे. तुमच्या जावयानं तिथल्या विटा आणि काचा उचलून माती खणून दिली आणि मी सौंसरच्या रस्त्यावरून रोपं घेऊन आले.

लावली ती आईसाठी. मागच्या हिवाळ्यात ती मोहगावला अंगणातल्या मोरीपाशी पडली, तेव्हा घराला कुलूप घालून मी तिला इकडे आणलं. कंबर बरी झाली, पण जीव काही रमेना. दिवसभर पलंगावर भिंतीकडे पाहत बसायची, अर्धी भाकर टाकून उठायची. पोरीच्या घरी किती दिवस खायचं, जावयाला काय वाटेल, हेच चालू. अक्षय तृतीयेला तुमच्या नावाची घागर आपल्याच घरी भरीन आणि तिथंच राहीन, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. एकटीनं, त्या निसरड्या मोरीपाशी! मला तिचा रागही यायचा आणि रात्र रात्र भीतीही वाटायची. म्हटलं, मागे चार झाडं असली तर तिचा पाय इथं गुंतेल.

रोपं चांगली तरारली. पण नुसती पानंच पानं, फुलाचा पत्ता नाही. अक्षय तृतीया जवळ येऊन राहिलेली. मग मी तेच केलं जे तुमचीच पोर करू जाणे. पाणी तोडलं. वांग्यांना ताण दिला.

मला अजून तो दिवस दिसतो. ऐन उन्हाळा आहे, बहार धरायचा म्हणून तुम्ही बागेचं पाणी बंद केलं आहे. संत्र्याची पानं गळून राहिली आहेत, जमिनीला भेगा पडल्या आहेत, आणि मी विहिरीवरून गडूभर पाणी आणून माझ्या लाडक्या झाडाच्या बुडाशी ओतते आहे. तुम्ही मागून येऊन गडू हातातून काढून घेता. मारत नाही, ओरडतही नाही. "त्याले तहानू दे," एवढंच म्हणता, "तहान लागल्याबिगर झाड बहरत नाही." मला तुम्ही त्या दिवशी फार कठोर वाटला होता. पुढे पाणी सोडल्यावर सारी बाग पांढरीशुभ्र फुलली, आणि तुमचं ते वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

पण वांगं म्हणजे काही संत्रं नाही, बाबा. त्या उन्हात झाडांनी भराभर माना टाकल्या. मी आपली दम धरून बसले, आता फुलतील, मग फुलतील. दोन झाडं तर पार वाळली. अशा एका दुपारी आई भिंतीला धरत धरत मागच्या दारात आली. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदाच स्वतःहून तिथवर आली होती.

"काऊन वो, या झाडायचं पाणी काऊन तोडलं?"

"ताण देऊन राहिली."

"वांग्याले?"

मी तुमचं वाक्य तिला ऐकवलं. ती पायरीवर बसली आणि हसत सुटली, डोळ्यांना पदर लावेपर्यंत हसली. मग तिनं जे सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. मोरीमागे तिची वांगी असायची. ताणाच्या दिवसांत तुम्ही विहिरीच्या मोटारीला कुलूप घालायचे, पण संध्याकाळी मोरीवर पाय धुवायला बसले की हौदातल्या बादल्यांवर बादल्या रिकाम्या करायचे.

"दोन पायाले इतकं पाणी कायले लागते, मले काय समजे नाही? सारं माह्या वांग्याले जाये. ते कधी बोलले नाही, मीबी नाही बोलली."

मग तिनं खुरपं मागितलं आणि बसल्या बसल्या आमच्या मोरीपासून वाफ्यापर्यंत नाली काढली. एवढी शिकली पण अक्कल नाही, हे संध्याकाळपर्यंत ऐकवत राहिली. जेवायला अख्खी भाकर खाल्ली. अक्षय तृतीयेला तुमची घागर तिनं इथंच भरली आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी वांग्यांना घातलं. मोहगावची किल्ली दारामागच्या खिळ्याला आहे, तिनं अजून मागितली नाही. पुढे वांगी धरली. पहिल्याचं भरीत तिनं स्वतः केलं, आणि जावयाला घरच्या मालकिणीसारखं आग्रह करकरून वाढलं. मला तेव्हा तुमची फार आठवण आली.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही आणि तेच बरं आहे, कारण एक गोष्ट आईला कळायला नको. टिनाखाली, पाऊस लागत नाही अशा जागी, एका फुटक्या बादलीत मी एक वांगं लावलं आहे. त्याला पाणी द्यायला मी मधूनमधून मुद्दाम विसरते. त्यानं मान टाकली की ती मला बोलत बोलत पलंगावरून उठते आणि गडू घेऊन बाहेर येते.