खेळातली भरती

शनिवार, संध्याकाळ

डायनासोरच्या ऑनलाइन खेळातलं माझं घरटं आज बुडालं. तीन आठवडे जपलेली चार अंडी गेली. या खेळातला समुद्र कधी हलायचा नाही, म्हणून काठालाच बांधलं होतं. कंपनीने काल अपडेटमध्ये भरती-ओहोटी आणली आणि कुणाला कळवलंही नाही. सर्व्हर रोज बंद पडतो, तक्रारीला उत्तर नाही, आणि हे बसलेत पाणी हलवत. चिडून तक्रार लिहायला घेतली.

बाबा फाटलेलं जाळं विणत होते. माझी कुरकुर ऐकून उठले आणि स्क्रीनवरच्या खडकावर बोट ठेवलं. "भरतीची रेघ न्हाय बघितलीस? तिच्याखाली घर कोण ठेवतं?"

रेघ खरंच होती. वर कोरडा खडक, खाली हिरवं शेवाळ. कालपासून समोर होती. मुरुडच्या कोळ्याच्या मुलीला दिसली नाही, आणि कुठल्याशा ऑफिसातल्या माणसाला ती काढायचं सुचलं. कोण असेल तो? समुद्राकाठी वाढलेलाच असणार.

तक्रार पुसून टाकली. रेघेच्या वर नवं घरटं केलं. बाबा म्हणाले, "आता ओहोटी बरोबर लागते का बघू," आणि जाळं सोडून खुर्ची ओढून बसले.