कांद्यासारखे लावलेले बटाटे

प्रिय प्राप्ती बाय,

परसातले बटाटे काल काढले. टोपली भरली आणि उरलेले आईच्या पदरात आले. पहिला बटाटा वर आला तेव्हा मी तो धुऊन आधी देवापाशी ठेवला आणि मग आईला हाक मारली. तू हसशील, पण मातीत हात घातल्यावर तो गार, गोल गड्डा बोटांना लागतो ना, तेव्हा अंगावर शहारा येतो. भात डोळ्यांसमोर पिकतं, कांदा वरून दिसतो. हा मात्र शेवटपर्यंत काही कळू देत नाही.

दिवाळीत तू धनेशला घेऊन आलीस. लग्न त्याच्याशीच करायचं म्हणालीस, आणि पुण्याला परत निघताना विचारलंस, "बाबा, मग काय ठरवलंत?" मी "बघू" म्हणालो. ते तुला लागलं, एस्टी सुटताना तुझ्या चेहऱ्यावर दिसलं मला. मुलगा मला आवडला होता गं. अडलं ते एवढ्यावरच की घाटावरचं माळकरी घर, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि तू ताटात मासळी नसली की भात चिवडत बसणारी. उपाशी राहिली नसतीस, पण जन्मभर मन मारून राहशील असं वाटायचं. आई म्हणाली, देवीला कौल लावू. मी नको म्हटलं. आपण ठरवायचं ते देवीच्या माथ्यावर कशाला टाकायचं?

धनेशच्या आईने, आवडाताईंनी, तुमच्याबरोबर बेण्याचे बटाटे पाठवले होते. भात झोडून झाल्यावर मी परसात वाफे केले. शेजारचा भिकू होडीवरून येता येता कुंपणाशी थांबला. "बटाटा हितं व्हायचा न्हाय. खारं वारं हाय. कांदं लाव नि गप बस." मी बटाटेच लावले, पण लावले कांद्यासारखे. दुसरं येतं काय आपल्याला? झाडं वाढली, बुडाशी गड्डे दिसू लागले, तशी मी माती बाजूला सारून त्यांना उन्हात मोकळं केलं, आपल्या पांढऱ्या कांद्याला करतो तसं. गड्डे हिरवे पडले. मला वाटलं, घाटावरची जातच हिरवी असेल. मोठ्या कौतुकाने आवडाताईंना फोटो पाठवला.

लगेच त्यांचा फोन. "अवो दादा, उघडं पाडलंय व्हय त्यास्नी? आधी झाका. बुडाला मातीची भर घाला. आन् ते हिरवं खाऊ नका, बाधतंय." मग अशा हसत सुटल्या की त्यांच्याकडे कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. "काय न्हाय," त्या सांगत होत्या, "प्राप्तीचं बाबा बटाट्याला ऊन चारत्यात."

तेव्हापासून फोन सुरूच. पाणी किती द्यायचं, पानं मुरडली तर काय करायचं, सगळं मी त्यांनाच विचारायचो. लग्नाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. पण माझ्या मनात एक सल होता. वाफ्यात मी भिकूकडची सुक्या मासळीची कुटी घातली होती, माडाला घालतो तशी. पीक येणार असं दिसू लागलं आणि वाटलं, यातले बटाटे माळकऱ्यांच्या घरी जायचे, त्यांना हे सांगायला नको? न सांगता कुणाला कळलंही नसतं. पण देवासमोर बसलो की डोळ्यांपुढे तीच कुटी. शेवटी फोन करून सांगून टाकलं. म्हटलं, तुटायचं असेल तर आताच तुटू दे.

त्या म्हणाल्या, "दादा, आमी रानात कोंबडीखत टाकतोच की. कोंबडी काय माळकरी असती?" आणि मी काही विचारण्याआधीच पुढे, "तुमचं कुठं अडलंय ते कळतंय मला. पोरीला मासळी लागती, धनेश बोललाय. आतल्या चुलीवर न्हाई जमायचं, मामंजी हायेत. पर मागल्या पडवीत शेगडी नि निराळी भांडी कवाच मांडून ठेवलीत. तिनं करून खावं. मला वास सोसला न्हाई तर मी देवळात जाऊन बशीन." वाफ्याला पाणी सोडलेलं मी विसरूनच गेलो. पाणी वाफा सोडून भिकूच्या अंगणात शिरलं, तो ओरडला तेव्हा भानावर आलो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण ते "बघू" मी तोंडाने म्हणालो होतो, तेव्हा त्याच्यावरचं उत्तर तुझ्या हातात लिहून द्यावंसं वाटलं. बाय, माझं हो आहे. मनापासून, आनंदाने हो. काल बटाटे निघाल्याचं सांगताना आवडाताईंना मी विहीणबाई म्हणून गेलो, त्यामुळे त्यांना तुझ्या आधी कळलं. रागावू नकोस. पुढच्या रविवारी ती सगळी मंडळी येतायत. आईने नवीन पातेली आणलीत. भिकू अंगणातली बोंबील वाळत घालायची वलांडी तेवढ्यापुरती खाडीकडे हलवतोय, म्हणतो, "पाव्हणं माघारी जाताना घाटात पोचलं की फोन कर, परत आणतो." तू शनिवारीच ये. रविवारी आपल्या घरी मासळी शिजणार नाही.

तुझाच,
बाबा