प्लेटसमोरची रेघ

३ नोव्हेंबर

झाली पंचाईत! रत्नाकर सर चुकलेत.

तीन वेळा तपासलं. दिवा, आरसा, आणि उजेड गोळा होऊन टिंबाएवढा होतो तिथे दाढीचं पातं. अर्धा उजेड कापला की नळीतून सुसाट सुटून प्लेटवर आदळणारी हवा पडद्यावर दिसायला लागते. दाट होते तिथे एक छटा, विरळ होते तिथे दुसरी. लॅबमधल्या सरांच्या १९८९ च्या रजिस्टरात लिहिलंय त्याच बाजूला पातं लावलं. माझ्याकडे विरळ हवा काळी येते. सरांच्या फिल्मवर प्लेटसमोरची ती रेघ पांढरी! म्हणजे तिथे हवा दाट होते. सर आयुष्यभर सांगत आले — विरळ होते.

त्यांच्या छापील लेखाच्या झेरॉक्समध्ये नुसता काळा डाग. म्हणून रजिस्टरात चिकटवलेला फिल्मचा तुकडा स्कॅन केला. ती रेघ उमटायला लागतो तेवढा दाब आमचा कॉम्प्रेसर देत नाही, त्यामुळे सगळी भिस्त त्या तुकड्यावर. माझा थीसिससुद्धा.

४ नोव्हेंबर

हेडना सांगितलं. "अरे मैडम, संडे को उनका सत्कार है. अभी रहने दीजिए." मग सोमवारी सांगू? शाल-श्रीफळ झाल्यावर?

आई म्हणते, "तुला काय गं पडलंय? म्हातारं माणूस ते." भांडले. जेवले नाही.

५ नोव्हेंबर

गेले एकदाची. ओरछा गेटजवळचं घर. सरांना वर्षभरापासून दिसत नाही — साखरेनं डोळे गेले. ताराकाकूंनी पोहे दिले.

सांगितलं. सरांनी विचारलं, "पातं कुठल्या बाजूला?" सांगितली बाजू. "आणि रेघ पांढरी?" "हो सर." "तू स्वतः पाहिलीस?" "तीनदा."

"मग झालं तर. मला कुठे दिसतंय आता."

काकू दारात उभ्या होत्या. "पस्तीस वर्षं हेच शिकवलंत ना हो पोरांना?" मी तिथे रडले नाही. इलाइट चौराह्याला ऑटोत रडले. ऑटोवाले भैया दोनदा वळून बघत होते.

७ नोव्हेंबर

सरांनी सत्कार रद्द करवला. लेख मागे घेतो असं पत्र नियतकालिकाला गेलं. मजकूर त्यांचा, टाइप मी केला. "चूक माझी, आणि ती कश्मिरानं दाखवली, हेही लिही." मी नको म्हटलं. ओरडले — "लिही!"

काय माणूस आहे! आणि खोटं कशाला लिहू — मला स्वतःचा अभिमानही वाटला. थोडासा.

८ नोव्हेंबर

लॅबला गेले नाही.

११ नोव्हेंबर

ताराकाकूंनी एक पाकीट पाठवलं, कपाट आवरताना मिळालं म्हणून. त्याच फिल्मची उरलेली पट्टी. रजिस्टरातल्या तुकड्यातून प्लेट कापली गेली होती. इथे ती अख्खी आहे. आणि पांढरी आहे.

लोखंडी प्लेट. उजेड मागून. काळीच यायला हवी!

निगेटिव्ह होती ती. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. म्हणजे रेघही खरी काळीच, हवा विरळच. मी जन्मात कधी निगेटिव्ह हातात धरली नव्हती, आणि सरांना विचारायचं सुचलंही नाही.

सर बरोबर होते. लेख काढून टाकल्याचं उत्तर सकाळीच आलंय.