जिवल्याच्या दोन नोंदी

११ ऑगस्ट

आजोबा पाहिजेत. १९५० च्या आधीचे, कागदावरचे, जातीसकट. हाडामांसाचे होते माझ्याकडे – जिवल्या नावाचे, साठीपर्यंत ताडावर चढणारे. ते चालत नाहीत.

तेजलला एमबीबीएसची सीट लागली. अनुसूचित जमातीतून, तात्पुरती. जात वैधता प्रमाणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत दिलं नाही तर रद्द. घरातली पहिली डॉक्टर एका कागदावर लटकलीय. तिचा बाप प्रदीप असता तर त्याने धावपळ केली असती. पण माझा भाऊ कोविडमध्ये गेला, आणि भावनावहिनीला सरकारी शिक्का दिसला तरी घाम फुटतो. तेव्हा आत्या.

तेजलला म्हटलं, 'कागद माझ्यावर सोड. तू हाडांची नावं पाठ कर.' बोईसर स्टेशनबाहेर बावीस वर्षं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवतेय. अर्ध्या तालुक्याचे दाखले माझ्या बोटांखालून गेलेत. स्वतःच्या घराचे जमणार नाहीत?

१४ ऑगस्ट

वडिलांचा शाळेचा दाखला मिळाला. सन १९६१, जात – 'हिंदू'. रजिस्टर पाहिलं तर गुरुजींनी पहिल्या पोरापुढे 'हिंदू' लिहिलंय आणि खाली एकतीस वेळा 'सदर'. अख्खा पाडा एका शाईत उरकला. तसाही १९५० नंतरचा, म्हणून बाद.

आजोबा शाळेतच गेले नाहीत. गेले असते तर तेही सदर झाले असते.

सातबाऱ्यावर जमीनदाराचं नाव. आमचे लोक शेतात होते, उताऱ्यावर नव्हते.

२० ऑगस्ट

पालघरची रेकॉर्ड रूम. गावचा कोतवाल पूर्वी जन्म-मृत्यू ज्या पुस्तकात लिहायचा, ती पुस्तकं इथे. सगळी मोडीत. मोडी म्हणजे हात न उचलता केलेली तक्रार – सुरुवात कळत नाही, शेवट तर नाहीच.

वाचायला झुंबरकाका धरले. मूळचे नगरकडचे. तारापूरला नोकरी केली, निवृत्तीनंतर मोडीचा नाद लागला. भिंग घेऊन पानावर असे ओणवतात की वाटतं, हुंगतायत.

२६ ऑगस्ट

सापडले! सन १९३२. 'मुलगा जिवल्या, बाप सुका, जात वारली.' काका म्हणाले, 'घ्या ताई. आजा सापडला तुमचा.'

मी रडले. रेकॉर्ड रूममध्ये पाण्याची बाटली न्यायला मनाई आहे, रडायला नाही.

त्यानंतर तिथेच थांबायला हवं होतं. पण मोडीवाल्यांना थांबता येत नाही. काका पुढे चाळत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, 'ताई, हे बी बगा जरा.'

मृत्यू. 'जिवल्या, बाप सुका, जात वारली, वय महिने अकरा, ताप.'

म्हणजे माझे आजोबा अकराव्या महिन्यात वारले. आणि त्यानंतर सत्तर वर्षं ताडी पीत होते.

१९३६ पर्यंतचं पानन् पान पाहिलं. दुसरा जिवल्या जन्मलेलाच नाही. पुढची पुस्तकं वाळवीने ताब्यात घेतलीत.

काकांनी दोन्ही नोंदींचं देवनागरी करून दिलं. मी मागितलं एकाचंच होतं. 'दोन्ही र्‍हाऊ द्या ताई. अर्धं वाचायची सवय न्हाई मला.'

२८ ऑगस्ट

दोन नकला समोर आहेत. एक जन्माची, एक मरणाची.

आजोबा मग कोण? सुकाचेच ना? त्यांच्या मतदार कार्डावर 'जिवल्या सुका' आहे. ते कार्ड जात पडताळणी समिती बघेल, जन्माची नोंद बघेल, जुळवेल. मरणाची नोंद दिली तर आमचा वंशच अकराव्या महिन्यात संपतो. मृत बाळाला नात होत नाही. पणती तर डॉक्टर होतच नाही.

गिऱ्हाइकांना बावीस वर्षं सांगत आलेय – मागितलं तेवढंच जोडा. जास्तीचा कागद म्हणजे जास्तीचा प्रश्न. समितीने १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा मागितलाय. तो आहे. मरणाचा कुणी मागितलेला नाही.

आणि मी कोण? गेल्याच महिन्यात साप्ताहिकात बोगस आदिवासींची सालटी काढणारी. पाडा न पाहिलेले, दाखल्यापुरते वारली झालेले – त्यांच्यावर पान भरून लिहिलं. लोकांनी फोन करकरून शाबासकी दिली. पण ते खोटे होते. मी खरी आहे. खऱ्या माणसाने एक कागद कमी दिला तर ते खोटं होत नाही.

हे वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

२९ ऑगस्ट

अर्ज दिला. फाइल तेजलनेच लावली, पानांवर नंबर घातले, सही केली. जन्माची नोंद – पान सात. दुसरी नक्कल पिशवीतून घरच्या कपाटात.

५ सप्टेंबर

काही नाही.

६ सप्टेंबर

आजही काही नाही. कालच्यापेक्षा जास्त.

१२ सप्टेंबर

तेजल मोबाईलवर कॉलेजचं हॉस्टेल बघते. कपाट केवढं, खिडकी कुठल्या बाजूला. मैत्रिणी केळव्याला गेल्या, ही गेली नाही. म्हणाली, 'व्हॅलिडिटी आली की जाईन.' समुद्रालाही आता समितीची परवानगी लागते.

१७ सप्टेंबर

पत्र आलं. दक्षता पथक मूळ गावी चौकशीला येणार, चोवीस तारखेला. समितीची ही माणसं पाड्यावर जाऊन, कागद म्हणतो ते खरं का, हे विचारतात. पाड्यावर विचारण्यासारखं एकच माणूस उरलंय – चिमीआजी, आजोबांची धाकटी बहीण. पंचाऐंशीची. 

२३ सप्टेंबर

आज जाऊन आजीला भेटावं असं मनात आलं. गेले नाही. दुकानात फॉर्मांची गर्दी होती.

खरं लिही. गर्दी नव्हती. म्हातारीने काय सांगितलं असतं, त्याची भीती वाटली.

२४ सप्टेंबर

बोईसर ते पाडा दीड तास. पथकातून सुजित नावाचे अधिकारी आले होते. तिशीतले, शांत, बूट बाहेर काढून ओसरीवर बसले. मला वाटलं होतं खेकसणारा माणूस येईल. तसा आला असता तर बरं झालं असतं.

आधी मला विचारलं. कुलदैवत? सांगितलं. लग्नात भिंतीवरचा चौक कोण लिहितं, त्यात काय काढतात? मी सांगू लागले आणि कळलं की मी कॅलेंडरवरचं सांगतेय. आमच्या घरातलं एकमेव वारली चित्र माझ्या दुकानातल्या कपावर आहे. दोनशे रुपये, नाव टाकून अडीचशे.

मग चिमीआजी. साहेबांनी विचारलं, 'जिवल्या तुमचा सख्खा भाऊ?'

'सख्खाच. परत आलेला.'

'परत म्हणजे?'

'पयला जिवल्या तापात गेला. मी नव्हती तवा, आये सांगं. मंग दोन वर्सांनी आयेला पोर झाला. कानामागं तसाच डाग. आये म्हनली, माझा जिवल्याच आला. मंग नाव तेच. आमच्यात गेलेला पोर असाच येते.'

'मग त्याचा जन्म कोतवालाकडे लिहिला नाही?'

मोठ्या पोराने लहान पोरासारखं विचारलं की बघावं, तसं आजीने त्यांच्याकडे बघितलं. 'दोनदा कया लिवायचा? एकदा लिवलेला ना. कोतवाल आला तं बानं सांगितला – हा नवा नाय, आमचा जुनाच हाय.'

इतकं साधं. नव्वद वर्षं हे उत्तर या ओसरीवर बसून होतं आणि मी पालघरला भिंगातून शोधत होते.

मी उजळल्या चेहऱ्याने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी फाइल उघडली आणि मृत्यूच्या नोंदीची नक्कल काढून आजीच्या सुपाशेजारी ठेवली. त्यांनी पुस्तक आधीच पाहिलं होतं. त्याच पुस्तकात तर होती, थोडी पुढे.

बाहेर गाडीपाशी म्हणाले, 'मॅडम, दोन्ही नोंदींत सुका वारलीच आहे. दोन्ही जोडून आजींचा जबाब लावला असता, तर मला शंका घ्यायला जागा नव्हती. आता कसं दिसतं माहितीये? त्या गावात सुका नावाचे चार. कुणाचं तरी मेलेलं पोर उचलून आपला आजोबा केला, आणि आम्ही येणार म्हटल्यावर आजींना पढवलं.'

म्हटलं, 'तुम्हाला तसं वाटतं?'

'मला काय वाटतं ते रिपोर्टात लिहायचं नसतं.'

निघताना आजी म्हणाली, 'त्या सायबाला ठाव, मंग तुला कसा नाय ठाव? इचाराया कया नाय आली? बोयसरला दुकान टाकला तं पाय तुटलं का तुझं?'

नाही आजी. पाय शाबूत आहेत. बाकीचंच.

२५ सप्टेंबर

दुकान उघडलं. 'मैडम, आधार का दो कॉपी.' दिल्या. दोन मागितल्या, दोन दिल्या.

१३ ऑक्टोबर

सुनावणी. तेजलला बाहेर बाकावर बसवलं – कागद मी गोळा केलेत, मीच बोलते म्हणून. आत अध्यक्षांनी एकच विचारलं, 'दुसरी नोंद तुम्ही पाहिली होती का?' एवढं बोलणारी बाई मी. म्हटलं, 'हो.'

बाहेर आल्यावर तेजल म्हणाली, 'काय झालं?' म्हटलं, 'विचारलं, सांगितलं.' खोटं नव्हतं तेही.

२७ ऑक्टोबर

आदेश दुकानाच्या पत्त्यावर आला. 'अर्जदाराने प्रतिकूल पुरावा जाणीवपूर्वक दडवल्याने वंशसाखळी विश्वासार्ह वाटत नाही. दावा अवैध.' मराठी चांगलं आहे. टायपिंगची एकही चूक नाही. मी शोधली.

घरी सांगितलं, पुरावा कमी पडला. आदेश दाखवला नाही.

वकील म्हणतो, हायकोर्टात जाऊ, चार-सहा महिन्यांत निघेल काहीतरी. सीटला चार दिवस उरलेत.

३१ ऑक्टोबर

सीट गेली. दुपारी मेल आला. तेजलने वाचला, फोन उलटा ठेवला आणि तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच होते. परत निवडले.

२ नोव्हेंबर

वहिनी शेजारणींना सांगतेय – साहेब लोकांना पैसे पाहिजे असणार, आमच्या आत्याबाईंनी दिले नाहीत, तत्त्वाच्या ना त्या. सुजित एक कप चहासुद्धा न पिता गेला होता. मी आत ऐकत होते. बाहेर येऊन थांबवलं नाही.

संपादकांचा फोन. 'मॅडम, यावरच लिहा. खऱ्या आदिवासी मुलीवर अन्याय! आग लावा.' लिहिते म्हटलं. बसले. तीन ओळी झाल्या, चांगल्या झाल्या, हेच भयंकर. हात सरावलेला आहे, माणूस नसला तरी चालतो.

पुसल्या.

४ नोव्हेंबर

पहिल्या जिवल्याचा विचार येतो. अकरा महिने जगला. तो गेला हे कुणी धड मानलंच नाही – आईने नाही, बापाने नाही, मी तर कपाटात कोंबला. एका कोतवालाने तेवढं लिहून ठेवलं, जसं झालं तसं. मला ते जमलं नाही. आणि लिहिणारी म्हणून ओळख माझी.

तेजल सकाळी विचारत होती, एमआयडीसीत कुठल्या लॅबमध्ये बारावीवर घेतात का. मी चौकशी करते म्हटलं. कागद माझ्यावर सोड, हे म्हणता म्हणता थांबले.

६ नोव्हेंबर

तेजलला सांगितलं. आदेश आणि मरणाची नक्कल तिच्यापुढे ठेवली. तिने नकलेला हात लावला नाही. म्हणाली, 'वाचलीय मी. फाइल लावत होते ना, तेव्हा तुझ्या पिशवीत होती.'

म्हटलं, मग बोलली का नाहीस?

'तूच ती बाजूला काढली होतीस, आत्या. मला वाटलं, तू करतेस म्हणजे ते खोटं नसणार.'